भाजक्या मातीची जुनी फरशी व तिची निगा

(धर्मग्रामाच्या महोत्सवानिमित्त भरलेल्या सभेत केलेले भाषण)



महोत्सवाच्या सभेत धर्मगुरूने फरशीविषयी बोलावे हे आपणांपैकी कित्येकांस चमत्कारिक वाटेल. परंतु गेल्या पावसाळ्यापासून आपल्या मंडळीत सर्वांत अधिक बोलणे ज्या विषयावर झाले, तो विषय फरशीचाच आहे. जमलेल्या वर्गणीतून प्रार्थनामंदिरातील जुनी तांबडी फरशी उखडून टाकावी आणि तिच्या जागी चकचकीत टाइल्स बसवाव्या, अशी एक सूचना आहे. दुसरी सूचना अशी की, त्याच फरशीवर वर्षानुवर्षे बसलेले थर काढावे, तिच्या दरजा भराव्या आणि तिला तेलामेणाचा नवा हात द्यावा. पहिल्या सूचनेच्या बाजूने बोलावयास नारायणगाव व मंचर येथील दुकानांत मांडलेला माल समर्थ आहे. दुसरीच्या बाजूने बोलणारे थोडे, म्हणून त्या बाजूचे चार शब्द मी बोलतो. यात धर्मशास्त्राचा प्रश्न मुळीच नाही. तेव्हा माझे म्हणणे धर्मगुरूचे म्हणून मान्य करू नये. पटले तर घ्यावे, न पटले तर सोडून द्यावे.

प्रथम ही वस्तू काय आहे ते पाहू. आपल्या जुन्नर व आंबेगाव तालुक्यांची मूळची भुई मातीची. मुरूम टाकावयाचा, पाणी मारून धुमसाने चोपावयाचा आणि मग शेणाने सारवावयाचे, ही रीत येथल्या प्रत्येक माउलीस ठाऊक आहे. दगडाच्या फरश्या वाड्यांत आल्या. आणि भाजक्या मातीची चौकोनी तांबडी फरशी आली ती पुष्कळ दुरून, मंगळुराहून. बासेल मिशनचे गेओर्ग प्लेब्स्ट यांनी १८६५ साली मंगळूर येथे यंत्रावर कौले पाडण्याचा कारखाना काढला. नेत्रावती व गुरुपूर या नद्यांच्या काठची चिकणमाती त्या कामी उत्तम ठरली. छपराच्या कौलांबरोबर भुईसाठी फरशाही तेथे होऊ लागल्या. कारखाना काढण्याचा हेतू केवळ व्यापाराचा नव्हता. ख्रिस्ती झाल्यामुळे ज्यांचा पिढीजात धंदा तुटला, अशा लोकांस पोटापाण्याचे साधन हवे होते. ही मंडळी प्रॉटेस्टंट होती हे मी मोकळेपणाने सांगतो; तथापि १८६८ साली पाणेमंगळूर येथे आल्बुकर्क या कॅथॉलिक घराण्याने आपला कारखाना काढला, तेव्हा या मालाचे श्रेय दोन्हीकडे वाटून घेण्यास हरकत नाही. पहिल्या महायुद्धानंतर बासेल मिशनचे कारखाने कॉमनवेल्थ ट्रस्टकडे गेले. पुढे सिमेंटचे स्लॅब आले, माती मिळेनाशी झाली, आणि त्या किनाऱ्यावरील पुष्कळ भट्ट्या विझल्या.

हा माल घाटावर कसा आला असेल याचा विचार केला म्हणजे त्याची किंमत कळते. मंगळुरास आगगाडी पोहोचली ती १९०७ साली, आणि तीही मद्रासेच्या बाजूने. म्हणून मुंबईकडे येणारा माल समुद्रमार्गे येई. बोरघाटातून पुण्याकडे रूळ १८६३ सालीच पूर्ण झाले होते. परंतु जुन्नरला आगगाडी आजही नाही. शेवटचा टप्पा बैलगाडीचाच. गाडीत पेंढा घालून त्यावर रचलेल्या फरशांपैकी किती धड पोहोचल्या असतील, हे मंचर-घोडेगाव रस्त्यावरून गेलेल्या मनुष्यास सांगावयास नको.

आता तिचा स्वभाव. माती भाजली म्हणजे तिच्यातील लोहामुळे ती तांबडी होते, दगडासारखी घट्ट होते, परंतु दगडासारखी बंद होत नाही. तिच्यात सूक्ष्म छिद्रे राहतात. भुईतील ओल त्या छिद्रांवाटे वर येते आणि हवेत निघून जाते. सारवलेली जमीन हेच करीत असे. येथे पश्चिमेकडे, भीमाशंकर व नाणेघाटाच्या अंगास, चार महिने पाऊस थांबत नाही. पूर्वेकडे काळी जमीन पावसात फुगते व उन्हाळ्यात भेगाळते. अशा भुईवर जे घर उभे आहे त्यास खालून श्वास घेऊ देणारी फरशी ही चैन नाही, गरज आहे. त्या भुईवर काचेसारखी बंद टाइल घातली म्हणजे ओल नाहीशी होत नाही. ती वाट शोधीत भिंतीकडे जाते आणि चुन्याच्या गिलाव्यावर लोणा फुटतो. मग भिंतीस दोष देऊन आपण तिच्यावर सिमेंट थापतो, आणि ओल आणखी वर चढते.

येथे एक घोटाळा दूर केला पाहिजे. जुनी फरशी म्हटली की लोक सर्वांस एकच समजतात. मुंबईच्या चाळींत व वाड्यांच्या माजघरांत वेलबुट्टीची जी रंगीत फरशी दिसते ती बहुधा सिमेंटची असते. स्वदेशीच्या भरात १९२२ साली सिधवा घराण्यातील लोकांनी उरण येथे भारत टाइल्सचा कारखाना काढला, तो त्या जातीचा. तिसरी जात विलायती मिंटनची: मातीचीच, पण फार घट्ट व नक्षी अंगात बसविलेली. मुंबईस राणीच्या बागेतील भाऊ दाजी लाड संग्रहालय १८७२ साली उघडले, तेथे ती पाहावयास मिळते. त्या इमारतीचा जीर्णोद्धार होऊन ती २००८ साली पुन्हा खुली झाली, तेव्हा जुनी फरशी फेकली गेली नाही. ती स्वच्छ करून राखली गेली. चौथी जात म्हणजे लाल रंग घातलेला सिमेंटचा कोबा. त्यास तर कित्येक लोक मातीची फरशीच समजतात. ज्या उपायाने एक जात उजळते त्याच उपायाने दुसरी मरते. म्हणून कामास हात घालण्यापूर्वी खाली काय आहे ते ओळखणे हा अर्धा धंदा आहे.

आपली फरशी कोणत्या अवस्थेत आहे? तिच्यावर लाल पॉलिशचे थर आहेत, कारण महोत्सव आला, बिशप महाराज आले, लग्न आले की डबा उघडावयाचा अशी चाल होती. त्या थरांत धूळ मुरली आहे. वेदीपुढे मेणबत्त्यांचे ओघळ आहेत. मागील दाराशी कधी कोणी सिमेंट कालवले त्याचे डाग आहेत, आणि एका कोपऱ्यात तेलरंग सांडलेला आहे. या सर्वांच्या खाली फरशी आहे. आपण जिला काळी, कळकट व निकामी म्हणतो ती फरशी नव्हे, हे थर आहेत.

थर कशाचा आहे हे समजण्यासाठी मोठी विद्या लागत नाही. पाण्याचा एक थेंब टाकावा. तो आत मुरून डाग गडद झाला तर फरशी उघडी आहे, थेंब मोत्यासारखा उभा राहिला तर वर थर आहे. नखाने खरवडले असता वळी निघाली तर मेण. टर्पेंटाइनच्या बोळ्याने तांबडे निघाले तर पॉलिश. स्पिरिटने चिकट झाले तर लाखेचा रोगण. ही परीक्षा कपाटामागे किंवा दाराआड, हातभर जागेत करावी, आणि ती वाळल्यावर दुसऱ्या दिवशी पाहावी. ओली फरशी नेहमीच सुंदर दिसते. तिच्यावरून अनुमान काढणारे फसतात.

थर काढण्याची रीत मी आपल्याच मंडळीतील एका तरुणाकडून समजून घेतली. तो पुण्यात साफसफाईच्या कामावर आहे व जुन्या फरशांचे काम गेली काही वर्षे करतो. त्याचे नाव घेतलेले त्यास आवडणार नाही. तो सांगतो की प्रथम कोरड्या केरसुणीने व मऊ ब्रशाने सगळी धूळ आणि फुललेला लोणा काढावा. लोण्यावर आधीच पाणी घातले तर तो विरघळून पुन्हा आत जातो आणि आठ दिवसांनी परत येतो. मग चार हात लांब व चार हात रुंद एवढाच भाग घ्यावा. कोमट पाण्यात धुण्याचा सोडा विरघळवून तो पसरावा आणि दहा-पंधरा मिनिटे थांबावे. हे थांबणेच लोकांस जमत नाही. मेण मऊ होण्यास वेळ लागतो. तो न देता मनुष्य जोराने घासतो, थकतो, आणि शेवटी तेजाबाची बाटली आणतो. सोड्याचे पाणी वाळू मात्र देऊ नये. नंतर काथ्याच्या किंवा नायलॉनच्या ब्रशाने घासावे, तारेच्या ब्रशाने कदापि नाही. तारेचे तुकडे छिद्रांत राहतात व गंजून डाग पाडतात. सुटलेला काळा चिखल लागलीच पोतेऱ्याने उचलावा, नाहीतर तो पुन्हा आत शिरतो. मग स्वच्छ पाणी, पुन्हा स्वच्छ पाणी, आणि लिटमसच्या कागदाने सोडा गेला की नाही ते पाहणे. जेथे पॉलिश हट्टी आहे तेथे टर्पेंटाइन, पण दारे-खिडक्या उघड्या ठेवून आणि मेणबत्ती, समई, विडी सर्व विझवून. सिमेंटचे डाग पातळ पटाशी आडवी धरून हलक्या हाताने उडवावे. तेलरंगास रंग काढण्याचे औषध लावावे व लाकडी पट्टीने उचलावे.

तेजाबाविषयी थोडे अधिक बोलतो, कारण तेच घरोघर आहे. संडासासाठी मिळणारे पातळ तेजाब फरशीवर ओतले की फसफसते, डाग पळतो, आणि मनुष्य खूश होतो. परंतु फसफसते काय? चुन्याची दरज. ती पोखरली जाते. शिवाय तेथे जो क्षार तयार होतो तो हवेतील पाणी ओढून घेतो, आणि फरशी पुढे कित्येक पावसाळे ओली राहते. मी एका ठिकाणी असे काम झालेले पाहिले. ठिकाणाचे नाव सांगत नाही. पहिल्या महिन्यात सर्वांनी वाखाणणी केली, आणि दुसऱ्या वर्षी फरशीचे पापुद्रे निघू लागले. त्यातही तेजाब आणि कपडे धुण्याचे ब्लीच एकत्र करणारे लोक आहेत. त्यांतून क्लोरीन वायू निघतो व तो फुप्फुसे जाळतो. बंद न्हाणीघरात हे मिश्रण करून बेशुद्ध पडणे ही कल्पित गोष्ट नव्हे. आपल्या ज्या भगिनी दुसऱ्यांच्या घरी धुण्याभांड्याचे, फरशीचे काम करतात त्यांस माझी कळकळीची विनंती आहे की मालकिणीने सांगितले तरी या दोन बाटल्या एकत्र करू नयेत.

दुसरे संकट घासण्याच्या यंत्राचे. संगमरवरासाठी जे दगडी चाकाचे यंत्र असते ते मातीच्या फरशीवर चालविले की तिची भट्टीत तयार झालेली वरची घट्ट कातडी जाते आणि आतले भुसभुशीत अंग उघडे पडते. मग ती रोज मळते व रोज झिजते. आणि कोरडे घासले तर जी तांबडी भुकटी उडते तिच्यात सिलिका असते. ती वर्षानुवर्षे श्वासाबरोबर गेली तर सिलिकोसिस होतो, व त्या रोगावर बरे करणारे औषध नाही. दगडखाणींतील कामगारांस हा रोग ठाऊक आहे. फरशी घासणाऱ्या मुलांस कोणी सांगत नाही. रुमाल तोंडाला बांधणे म्हणजे संरक्षण नव्हे. काम ओले करावे, मऊ पॅड वापरावे, आणि नाकातोंडास घट्ट बसणारा योग्य मुखवटा द्यावा. ठेकेदार खर्चाचे कारण सांगेल. आपल्या मंदिरात ते कारण चालणार नाही, एवढे मी या सभेपुढे बोलून ठेवतो.

धुऊन झाल्यावर दरजा. सिमेंटने भरू नयेत. सिमेंट फरशीहून कठीण, आणि ताण आला की दरज न फुटता फरशी फुटते. चुना व सुरखी यांनीच भराव्या. सुरखी म्हणजे विटेची भुकटी, हे जुन्या गवंड्यांस सांगावे लागत नाही. नव्यांस सांगावे लागते. फुटलेल्या फरशांच्या जागी त्याच मापाच्या जुन्या फरशा पाडकामाच्या मालातून शोधाव्या लागतील. न मिळाल्यास बाकांखालच्या काढून वाटेत बसवाव्या आणि बाकांखाली निराळ्या चालतील.

त्यानंतर वाळणे. येथे घाई करणारा सर्व काम बिघडवितो. हातभर प्लॅस्टिकचा कागद फरशीवर चारी बाजूंनी चिकटवून एक दिवस व एक रात्र ठेवावा. खाली दव जमले तर अजून ओल आहे. दोन आठवडे लागोत की चार, थांबावे. म्हणून हे काम दिवाळीनंतर आरंभून होळीच्या आत संपविले पाहिजे. आषाढात सुरू केलेले काम भाद्रपदापर्यंत सुकणार नाही.

शेवटचा हात तेलाचा की मेणाचा, याबद्दल जाणत्यांत मतभेद आहे. कढविलेले जवसाचे तेल टर्पेंटाइनने पातळ करून लावले म्हणजे रंग खुलतो, पण थोडा गडद होतो. आणि वर राहिलेले तेल अर्ध्या तासात पुसून घेतले नाही तर चिकट थर बसून त्यावर धूळ जमते. जेथे ओल कायम आहे तेथे तेलावर बुरशी येते. माझा कल असा: मधल्या वाटेस पातळ तेलाचे दोन हात व वर मधमाश्यांच्या मेणाचा एक, उत्तरेच्या भिंतीकडे, जेथे ओल आहे, तेथे नुसते पातळ मेण. प्लॅस्टिकचे चमकणारे रोगण मात्र कोठेही नको. ते छिद्रे बुजविते, आणि कोंडलेली ओल त्यास फोड आणून सोलते. तेलाच्या चिंध्यांविषयी एक गोष्ट प्रत्येकाने ध्यानात धरावी. जवसाचे तेल वाळताना उष्णता सोडते. चिंध्या बोळा करून कोपऱ्यात टाकल्या तर त्या काडी न लावता पेट घेऊ शकतात. काम संपताच त्या पाण्यात बुडवाव्या किंवा बाहेर अंगणात एकेक पसरून वाळवाव्या. लाकडी छताच्या मंदिरात हे विसरणे परवडणारे नाही.

आता प्रतिपक्षाचे म्हणणे. नवी टाइल पुसावयास सोपी, हे खरे. जुन्या फरशीस वर्षातून एकदा मेणाचा हात लागेल, हेही खरे. तो द्यावयास कोणी पुढे येणार नसेल तर मी स्वतः टाइलच्या बाजूने मत देईन. निगा न राखता ठेवलेली जुनी वस्तू ही अडगळ होय. परंतु दोन गोष्टी पाहाव्या. आपण पादत्राणे बाहेर काढून आत येतो आणि पावसाळ्यात ओल्या पायांनी येतो. चकचकीत टाइलवर ओला पाय ठरत नाही. आपल्या मंडळीतील वृद्ध माउल्या काठी टेकीत परमप्रसादासाठी पुढे येतात. त्यांपैकी एकीचे कंबरेचे हाड मोडले तर त्याची भरपाई कोणती चकाकी करील? दुसरी गोष्ट, टाइल फुटली की दहा वर्षांनी त्या नमुन्याची मिळत नाही. नमुना दरवर्षी बदलणे हाच त्या व्यापाराचा जीव आहे.

आणि मजुरीचा विचार. टाइलचा पैसा बहुतांशी मालास जातो आणि दूरच्या कारखान्यात जातो. सफाईच्या कामाचा पैसा बहुतांशी हातांस जातो. आपल्याकडे फरशी पुसणारास धंदेवाला कोणी म्हणत नाही. त्यास नुसता कामगार म्हणतात, आणि मागून आणखी हलका शब्द. भाषासुद्धा या कामावर रुसलेली दिसते. सारवणे हे केवढे प्रामाणिक काम! पण सारवासारव म्हटले की लबाडी. याच जुन्नरच्या लेण्यांत सुमारे दोन सहस्र वर्षांपूर्वीचा एक लेख आहे; त्यात वेळूचे काम करणारांच्या आणि कासारांच्या श्रेणींकडे दानाची ठेव ठेविल्याचे नमूद आहे. विहाराच्या खर्चाचा पैसा कारागिरांच्या हाती विश्वासाने दिला जात असे. आपण निदान कामाची मजुरी ठरविताना त्या तरुणास समोर खुर्ची देऊन बसवावे व त्याचा भाव त्याच्या तोंडून ऐकावा. मजुरीतून घासाघीस करून वाचविलेला पैसा आतषबाजीस जाणार असेल तर माझा त्यास विरोध आहे.

निर्णय आज नको. येत्या रविवारी मिस्सेनंतर समितीची बैठक आहे, तीत मते घेऊ. तोपर्यंत एवढे करावे. बाजूच्या दाराच्या आत, उजव्या हातास, त्या तरुणाने चार फरशांची चौकट साफ करून, अर्ध्या भागास तेल व अर्ध्यास मेण लावून ठेविली आहे. प्रत्येकाने ती उजेडात पाहावी, पायाने चालून पाहावी, हात फिरवून पाहावा. मुलांनी तिच्यावर पाणी ओतू नये. मेणाचा भाग अजून पुरता वाळलेला नाही.